बर्मी, पोर्तुगीज आणि मालनअक्का

जळगावच्या एमआयडीसीतल्या एका डाळमिलमध्ये मी हिशेबाच्या कामाला लागलो, तेव्हा सुरुवातीचे काही दिवस माझी समजूत होती की ऑफिसच्या काचेच्या खोलीत दोन बायका बसतात. एक तापट आणि एक मायाळू. तापट बाई फोनवर कुणाला तरी अनोळखी भाषेत असं फैलावर घ्यायची की बाहेर बसलेले आम्हीसुद्धा उगाच सावरून बसायचो. मग जरा वेळ शांतता. मग मायाळू बाई सुरू व्हायची, दुसऱ्याच कुठल्या भाषेत, हेल काढत, लहान पोराला घास भरवताना बोलतात तसं. काच दुधी होती, त्यामुळे आतलं काही दिसायचं नाही. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते दार उघडलं आणि एकच बाई बाहेर आली. उंच, काटक, कडक इस्त्रीची सुती साडी, हातात डबा. मी तिच्या मागे दाराकडे बघत राहिलो.

"काय देखी ऱ्हायना भो?" बाई म्हणाली. "मझार आते कोनी नही. मी एकलीच शे."

त्या मालनअक्का. तापट भाषा पोर्तुगीज होती आणि मायाळू भाषा बर्मी. पुढे त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं. मी भडगाव म्हणालो. त्या दिवसापासून मी भडगाव झालो. मिलमधल्या सगळ्यांना त्या गावाच्याच नावाने हाक मारायच्या. पॅकिंगला पारोळा होता, गेटवर चोपडा होता. फक्त शेठ लोकांना त्या शेठ म्हणायच्या, कारण त्यांच्या मते शेठ लोकांना गाव नसतं, बंगला असतो.

बाहेरच्या माणसाला हे सगळं विचित्र वाटेल. पण जळगावच्या मिलांत जी तूर भरडली जाते ती सगळी काही आपल्या रानातली नसते. काही बर्मातून येते, तिला बाजारात लेमन म्हणतात. काही आफ्रिकेतल्या मोझांबिकमधून येते, ती गजरी. मोझांबिकवर पूर्वी पोर्तुगीजांचं राज्य होतं, त्यामुळे तिथला व्यवहार अजून पोर्तुगीजमध्ये चालतो. बाकीचे मिलवाले मुंबईचा दलाल गाठून इंग्रजीत काम भागवायचे. आमच्या मोठ्या शेठनी मात्र अक्कांना शोधून काढलं होतं आणि फोनपाशी बसवलं होतं. दलाल मालाची खबर देतो, अक्का माणसाची देते, असं ते म्हणायचे.

अक्का मूळच्या धुळ्याच्या, पांझरेपलीकडच्या देवपुरातल्या. त्यांच्या लहानपणी शेजारी एक म्हातारी राहायची. नवरा आपल्याकडचा, ती मात्र अस्सल बर्मी. नवऱ्याचा हात धरून रंगून सोडून आलेली. नवरा गेला आणि अख्ख्या धुळ्यात तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारं कोणी उरलं नाही. शाळा सुटली की मालन तिच्या ओट्यावर जाऊन बसायची. "तिना संगे बोलाले कोनी नव्हतं, आनि माले घरमा कोनी बोलू देत नव्हतं," असं अक्का सांगायच्या. दोघींचं बरं जमलं. म्हातारी वारली तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची मालन रंगूनच्या बाईसारखी बर्मी बोलत होती, आणि घरचे तिला मांत्रिकाकडे न्यावं का याचा विचार करत होते.

पोर्तुगीजचं वेगळं. लग्न झाल्यावर नवऱ्याची नोकरी मडगावला. घरमालकीण जुन्या वळणाची, ताठ मानेची. कोंकणी तिला येत असणारच, पण भाडेकरूशी बोलायची ती पोर्तुगीजमध्ये, आणि बोलणं म्हणजे ओरडणं. पाणी सांडलं, चपला आत आल्या, दार उघडं राहिलं. अक्का गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. पण समोरच्याला त्याच्याच भाषेत उत्तर दिल्याशिवाय भांडण लागू पडत नाही, हे त्यांना लवकर कळलं. मडगाव सुटेपर्यंत दोघी रोज भांडल्या आणि अक्का पोर्तुगीजमध्ये पक्क्या झाल्या. निघताना घरमालकीण ढसाढसा रडली. अक्कांनी तिला रडण्यावरूनही चार शब्द सुनावले.

एक भाषा मायेत शिकलेली आणि एक भांडणात. त्याचे परिणाम आम्ही रोज ऐकायचो. रंगूनची आमची पार्टी, म्हणजे व्यापारी, होता को तुन. चांगला पन्नाशीचा, मोठ्या गोदामांचा मालक. अक्का त्याला फोन लावून पहिलं वाक्य बोलायच्या, "थमिन सा पी बी ला?" म्हणजे जेवलास का रे. आधी जेवण, मग पाऊस, मग मुलंबाळं, मग भाव. अक्कांची बर्मी म्हातारीकडून आलेली, त्यामुळे तिच्यात व्यापाराचे शब्द कमी आणि लाडाचे जास्त. पहिल्यांदा बोलल्या तेव्हा त्यांनी ह्या बड्या असामीला "बाळा" म्हटलं होतं. फोन कटला असं अक्कांना वाटलं. मग को तुन म्हणाला की त्याची आजी गेल्यापासून असं कोणी त्याच्याशी बोललं नव्हतं. तेव्हापासून तो त्यांना दॉ मालन म्हणायला लागला. दॉ म्हणजे आपली अक्काच.

मोझांबिकचा अर्मांदो तिकडे वेगळंच भोगत होता. फोन ठेवताना पोर्तुगीजमध्ये काय म्हणतात हे अक्कांना ठाऊक नव्हतं, कारण घरमालकिणीने त्यांना कधी फोन केला नव्हता. तिचं भांडण संपायचं ते एकाच वाक्यावर, "फेशा आ पोर्ता," दार लाव. अक्का तेच म्हणायच्या. तूर ठरली, बोट ठरली, दार लाव. अर्मांदो कित्येक महिने समजत होता की हिंदुस्थानात निरोप असाच देतात, आणि तोही मोठ्या आदराने म्हणायचा, दार लावा, दोना मालन, म्हणजे मालनबाई. कुणीतरी त्याला खरं सांगितल्यावर तो इतका हसला की त्या दिवशी भाव ठरलाच नाही. पण निरोप दोघांनीही बदलला नाही.

अक्कांचा खरा छंद होता ह्या दोन भाषा एकमेकींसमोर बसवून बघण्याचा. जेवणाच्या सुट्टीत डब्याचे खण टेबलावर मांडून त्या सुरू व्हायच्या. हा खण मी, हा भाकरी, हा खाणं. आपण म्हणतो, मी भाकरी खाते. बर्मी बाई अगदी तशीच बसते, क्रियापद शेवटाला. पोर्तुगीज बाईला दम नाही, ती मी म्हटलं की लगेच खाते, भाकरी मागून येते. मग त्या आकडे म्हणायच्या. दोन म्हणजे दोइश, सात म्हणजे सेत, नऊ म्हणजे नोव. म्हणजे पोर्तुगीज आपल्या भाऊबंदातली निघाली, सातासमुद्रापार गेलेली, पण रीतभात विसरलेली. बर्मीचा आणि आपला काही संबंध नाही, रक्ताचा नाही, गोत्राचा नाही, पण पंगतीला ती बरोबर आपल्याशेजारी मांडी घालून बसते. "आते सांग भडगाव, तुले जवळनी कोनती?" मी एकदा गमतीने इंग्रजी म्हणालो. दोन दिवस त्यांनी मला ठेचा दिला नाही.

ह्या दोन भाषा कुठे सारख्या आहेत, हे त्यांना एकदा बसस्टँडवर सुचलं होतं म्हणे, आणि त्या भरात त्यांची धुळ्याची गाडी चुकली होती. इंग्रजीत 'माल आला का' विचारलं तर नुसतं 'येस' म्हणून भागतं. पोर्तुगीजमध्ये बहुतेक क्रियापदच परत म्हणतात, आला. बर्मीतही, आला. आपल्याकडेही तेच. "नुसती मान डोलावून सुटका नाही," त्या म्हणायच्या. "जे विचारलं ते तोंडाने म्हणावं लागतं."

आणि नाही म्हणायच्या रीती तर त्यांच्या खास आवडीच्या. चांगलं नाही, असं आपण म्हणतो, नाही शेवटी. पोर्तुगीज आधीच नाउं म्हणून मोकळा होतो, मग काय नाही ते सांगतो. बर्मी म्हणते, म कौं बू. मध्ये चांगलं, आणि नकार त्याच्या दोन्ही अंगांना, पोलिसांनी आरोपी धरावा तसा. हे सांगताना त्या दोन्ही हातांनी माझा दंड धरून दाखवायच्या. स्वतः अक्का तिन्ही पद्धतींनी नाही म्हणायच्या आणि दिवसातून बऱ्याच वेळा म्हणायच्या. कामाच्या वेळेबाहेर फोन घ्यायला नाही. चहात साखर कमी घालायला नाही. मोठ्या शेठनी एकदा पगारवाढीचा विषय पुढे ढकलला तेव्हा तर त्यांनी केबिनमध्ये जाऊन सांगितलं की पगार हा शब्द पोर्तुगीज आहे, त्याचा अर्थ देणे असा आहे, पुढे ढकलणे असा नाही. मोठे शेठ हसले आणि त्यांनी वाढ दिली.

त्यांचं सगळंच बरोबर असायचं असं मुळीच नाही. अहिराणीत 'तू जास' म्हणतात आणि पोर्तुगीजमध्ये 'तु वायश', दोन्हींच्या शेवटी सारखाच आवाज, तेव्हा पोर्तुगीज खलाशी सुरतेहून गुपचूप खानदेशात येऊन आपली अहिराणी शिकून गेले, असं त्यांचं ठाम मत होतं. एका भाषाशास्त्राच्या प्राध्यापकांनी ते हसण्यावारी नेलं. अक्कांनी प्राध्यापकांनाच हसण्यावारी नेलं. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसायचा, कारण हरतोय असं दिसलं की त्या आवाज चढवायच्या किंवा सरळ बर्मीत शिरायच्या.

पुण्याहून एकदा विमा कंपनीचा एक साहेब आला होता. अक्कांचं फोनवरचं बोलणं ऐकून म्हणाला, जगात इंग्रजी चालत असताना ह्या भाषांचा उपयोग काय? आणि मग हसत हसत, आधी तुमची मराठी तर जरा शुद्ध करा अक्का, फार गावंढळ वाटते. आम्ही सगळे खाली माना घालून बसलो. अक्का शांतपणे म्हणाल्या, "रंगूनची भाषा लिस्बनला गावंढळच वाटेल, आणि लिस्बनची रंगूनला. इथे जळगावात आमची चालते. परगावचे तुम्ही दिसता, साहेब." साहेबाने चहा अर्धा टाकला. मला वाटतं अक्कांना तो अर्धा कप बघून समाधान झालं.

हे सगळं वाचून बाई कुणाची पर्वा न करणारी होती असं वाटेल. तसं नव्हतं. एक गोष्ट त्यांना फार जिवाची होती आणि ती त्यांनीच एकदा मला सांगितली. नवरा गेलेला, मुलगी सुरतेला संसारात. जळगावात खोली, शनिवारी देवपूरच्या घरी. रंगूनची म्हातारी नाही, मडगावची घरमालकीण नाही. ह्या दोन भाषा त्यांच्याकडे होत्या, पण पलीकडून उत्तर यायचं ते फक्त मिलच्या त्या फोनवर. "हाऊ फोन गया ते मी मुकी," त्या म्हणाल्या. "मग मना दोन्ही भाषा मनाच संगे बोलतीन." साठी उलटूनही त्या कामावर राहिल्या होत्या त्या पैशासाठी नव्हे, हे मला त्या दिवशी कळलं.

मोठे शेठ आजारी पडले आणि छोटे शेठ खुर्चीत बसले. मुलगा वाईट नव्हता. अक्कांनी त्याला हाफ पँटमध्ये डाळीच्या ढिगावर लोळताना पाहिलेलं, त्यामुळे चारचौघांत शेठ, तुम्ही, आणि राग आला की सरळ तू. छोट्या शेठना सगळं झटपट लागायचं. फोनमध्ये आता भाषांतराचं ॲप आहे, असं ते अक्कांना अधूनमधून ऐकवायचे. अक्का म्हणायच्या, असू द्या की, त्यालाही बसवा शेजारी.

त्या वर्षी अर्मांदोशी गजरीचा मोठा सौदा झाला. सौदा तोंडी, म्हणजे पक्का. आमच्या बाजारात फोनवर दिलेला शब्द मोडत नाहीत, माल खराब निघाला तरच सुटका. आणि इकडे भाव कोसळले. माल बोटीवर चढला होता, नमुन्याची थैली आमच्या टेबलावर येऊन पडली होती. छोट्या शेठनी अक्कांना केबिनमध्ये बोलावलं. नोंदीसाठी मीही होतो. अर्मांदोचा फोन स्पीकरवर लावला आणि शेठ म्हणाले, "त्याला सांगा, नमुन्यात डंकी निघाली. किडका माल आहे, ह्या भावाने उचलणार नाही."

अक्कांनी थैली उघडली. मूठभर तूर ताटलीत पसरली, बोटाने फिरवली. एकही भोक पडलेला दाणा नव्हता. एक दाणा दाताखाली घेतला, तो कडकन फुटला. "डंकी कुठे आहे?" त्या म्हणाल्या.

"अक्का, तुम्ही फक्त भाषांतर करा. भाषांतर करणाऱ्याने आपलं डोकं घालायचं नसतं."

"डोकं नाही घालत शेठ, तोंड घालते. तोंड माझं आहे. भाव परवडत नाही म्हणून सांगा, तसं म्हणते. घासाघीस करा, रात्रीपर्यंत बसते. पण चांगल्या मालाला किडका म्हणणार नाही."

फोनमधून अर्मांदो हॅलो हॅलो करत होता. शेठचा चेहरा लाल झाला. त्यांनी खिशातला मोबाइल काढला, ॲप उघडलं, मराठीत ते वाक्य बोलले आणि मोबाइल स्पीकरजवळ धरला. एका बाईच्या यांत्रिक आवाजात पोर्तुगीज बाहेर पडलं. व्यवस्थित, गोड, न अडखळता. मला शब्द कळले नाहीत, पण अक्कांचे ओठ आवळले ते मी पाहिलं. यंत्राने काम चोख केलं होतं.

मग अर्मांदोने हळू आवाजात एकच प्रश्न विचारला. त्यात "दोना मालन" एवढंच मला समजलं.

"काय म्हणतो?" शेठनी विचारलं.

"मला विचारतोय," अक्का म्हणाल्या. "हे खरं आहे का, दोना मालन?"

शेठ त्यांच्याकडे बघत राहिले. त्या नजरेचा अर्थ आम्हा तिघांनाही समजत होता. खरं आहे, किंवा काहीच नाही. काहीच नाही हेसुद्धा चाललं असतं. अक्का गप्प बसल्या असत्या तरी त्यांची खुर्ची राहिली असती आणि को तुन उद्या जेवला की नाही ते कळलं असतं. त्यांनी फोनकडे पाहिलं. फार वेळ नाही. "नाउं ए," त्या म्हणाल्या, आणि पुढे आणखी दोन वाक्यं. मग शेठकडे वळून त्यांनी स्वतःचंच भाषांतर केलं, नेहमीच्या आवाजात. "मी म्हणाले, खरं नाही. माल चांगला आहे. शेठना भाव परवडत नाही."

छोट्या शेठनी फोन बंद केला. "उद्यापासून येऊ नका," ते म्हणाले.

"तू बोलस ते मी सांगस," अक्का उठत म्हणाल्या. "खोटं मना तोंडमाईन निंघनार नही. इतल्या वरीसमा निंघनं नही, आते काय निंघी?"

बाहेर येऊन त्यांनी काचेच्या खोलीतला डबा घेतला, चष्म्याचं घर घेतलं. मिलचा फोन शेठनी आधीच मागवून घेतला होता. रंगूनला एकदा बोलून निरोप घेऊ द्या, असं त्या म्हणाल्या, तेवढंच काय ते मागणं. शेठ नाही म्हणाले. मला राहवलं नाही. दोघांचे नंबर माझ्याकडच्या बिलांवर होते. मी म्हणालो, अक्का, लिहून देतो, घरून बोला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पेन खिशात ठेवलं. "पार्टी मिलनी ऱ्हास, भडगाव. मी पार्टी फोडाले नही बसनू आठे." हे म्हणताना त्यांचा आवाज बिघडला. त्यांचा आवाज बिघडलेला मी तेव्हाच ऐकला. रिक्षा येईपर्यंत त्या गेटवर चोपड्याशी उसाच्या भावावर बोलत उभ्या राहिल्या.

अर्मांदोचा तो माल ठरलेल्या भावानेच उचलावा लागला, कारण किडका म्हणायला आता तोंड उरलं नव्हतं. काचेच्या खोलीत ॲप बोलायला लागलं. को तुन बरेच दिवस प्रत्येक फोनवर दॉ मालनबद्दल विचारायचा. ॲप त्याला सांगायचं की त्या उपलब्ध नाहीत. मग त्याने विचारणं सोडलं, आणि हळूहळू लेमन तूर दुसऱ्या मिलकडे जायला लागली. ऑफिसमध्ये आता कुणी कुणाला जेवलास का विचारत नव्हतं. मला अक्कांचा राग यायचा, आणि राग येण्याचं कारण एवढंच होतं की मला त्या हव्या होत्या.

वर्षभराने अर्मांदो स्वतः जळगावात आला. ठिबकचा कारखाना बघायला, आणि चार डाळमिलवाल्यांना भेटायला. त्या वर्षी गजरीची सगळीकडे टंचाई, त्यामुळे छोट्या शेठनी गाडी पाठवून त्याला मिलमध्ये आणलं. धिप्पाड, पांढऱ्या केसांचा, गळ्यात चष्मा अडकवलेला माणूस. केबिनमध्ये खुर्ची पुढे केली तरी बसेना. ॲपमधून त्याचं म्हणणं बाहेर आलं, दोना मालन आल्यावर बसतो. शेठनी माझ्याकडे बघितलं. मी अक्कांना धुळ्याच्या घरी फोन लावला. त्या म्हणाल्या, "मी नही येवाव. जेले भेटनं शे त्यानी येवो." मी हे सांगितलं आणि अर्मांदो टोपी घेऊन दाराकडे निघालासुद्धा. शेठना त्याला मिलच्या गाडीतून माझ्याबरोबर धुळ्याला पाठवावं लागलं.

देवपूरच्या त्या गल्लीत गाडी थांबली तेव्हा अक्का दारातच उभ्या होत्या. जरा वाळल्या होत्या, साडीची इस्त्री तीच. अर्मांदो दोन्ही हात पसरून पुढे झाला. अक्कांनी एक वाक्य टाकलं आणि तो जागच्या जागी थांबला, खाली वाकला आणि बूट काढायला लागला. मडगावच्या घरमालकिणीचं घराणं पुढे चालू होतं. मग दोघं जे बोलायला लागले ते थांबेनात. अक्का अडखळत होत्या. शब्द आठवेना की स्वतःच्याच कपाळावर हात मारायच्या आणि तो शब्द पुरवायचा. त्यांनी फुणके केले होते, तुरीच्या डाळीचे, वर कढी. अर्मांदोने ते कशाचे म्हणून विचारलं. तुझ्या तुरीचे, असं कळल्यावर तो चाट पडला, आणि अक्कांनी त्याला झापलं की इतकी वर्षं विकतोस आणि खायला शिकला नाहीस.

जेवणं होतायत तोच माझा फोन वाजला. छोटे शेठ. अक्कांना द्या म्हणाले. मी स्पीकर लावून फोन मध्ये ठेवला.

"अक्का, झालं ते झालं," शेठ म्हणाले. आवाजात खरोखरच अजिजी होती. "परत या. खोली तशीच आहे. को तुनलाही तुम्हीच समजवा. तो आमचं ऐकत नाही."

अक्कांनी हातातली वाटी खाली ठेवली. "येते की. उद्याच येते. अर्मांदो इथे समोर बसलाय. त्याला एवढंच सांगा, तेव्हा माल चांगला होता. मराठीत सांगा, हिंदीत सांगा. भाषांतर मी करते."

चार शब्द होते. तेव्हा माल चांगला होता. ते म्हटले असते तर अक्कांना त्यांचं रंगून मिळत होतं, मोझांबिक मिळत होतं, आणि मिलला तूर. फोनमधून मिलच्या चाळणीचा खडखडाट येत राहिला. अक्का फोनकडे बघत होत्या, अर्मांदो अक्कांकडे. मग तो खडखडाट बंद झाला. शेठनी फोन ठेवला होता.

अर्मांदोने काहीतरी विचारलं. अक्कांनी उत्तर दिलं. त्याने मान हलवली आणि ताटात बघत राहिला.

"काय सांगितलं त्याला?" मी म्हणालो. "लाइन गेली म्हणायचं ना अक्का. उद्या शेठचं मन वळलं असतं."

"जे झालं ते सांगितलं. शेठ बोलले नाहीत, फोन ठेवला." त्यांनी त्याच्या ताटात आणखी एक फुणका वाढला. "त्यानं मला विचारलं, भडगाव. विचारल्यावर काय सांगू?"

निघताना त्या गाडीपर्यंत आल्या. अर्मांदोला त्यांनी नंबर मागितला नाही. त्याने स्वतः एका कागदावर लिहून दिला, तेव्हा मात्र घडी घालून कमरेला खोचला. पार्टीने आपण होऊन दिला तर ती फोडणं होत नाही, असं त्यांनी मला, मी काही न विचारता, ऐकवलं. को तुनचा नंबर मात्र कोण देणार होतं. गाडी सुरू झाल्यावर त्यांनी माझ्या बाजूच्या काचेवर टकटक केली. मी काच खाली केली.

"शेठले सांगजो," त्या म्हणाल्या, "मी येवाले नही म्हनेल नही. त्याना तोंडनं एक वाक्य बाकी शे. जवय म्हनी, तवय येसू."

आरशात त्या दिसत होत्या, रस्त्याच्या मधोमध, कमरेवर हात ठेवून, मागून आलेल्या मोटारसायकलवाल्याला वळसा घालून जायला लावत. त्यानंतर आमची भेट नाही. सुरतेहून मुलगी न्यायला आली होती, तिलाही नाही म्हणाल्या, असं कळलं. जळगावातून फोन आला आणि आपण गावात नसलो तर, असं काहीतरी कारण त्यांनी तिला दिलं.

त्यांचा निरोप मी धुळ्याहून परतलो त्याच संध्याकाळी केबिनमध्ये जाऊन शेठना दिला. एकही शब्द न बदलता, अहिराणीतच दिला. शेठ मोबाइल हातात धरून बसले होते. त्यांनी तो उलथा करून टेबलावर ठेवला आणि काय म्हणाल्या म्हणून मला परत विचारलं. मी परत तेच म्हणालो. ह्या भाषेला त्यांना ॲप लागत नाही. शेठ जळगावातच वाढलेत, अहिराणी त्यांना चांगली समजते.